चुकलेल्या उत्तरापाशी किती थांबता?

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये सराव पेपर झाला की उत्तरतालिका हातोहात फिरते. बहुतेक जण आधी गुण मोजतात. काहींची वही तिथेच मिटते, काही जण चुकलेल्या प्रश्नाकडे परत जातात. ‘आपलं डोकंच तेवढं’ हा समज स्मरणशक्तीला नडतो तो नेमका इथे.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मेंदूच्या विद्युतलहरी मोजून हे तपासलं. विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले. आधी उत्तर बरोबर की चूक तेवढंच सांगितलं, मग खरं उत्तर दाखवलं. बुद्धी जन्मतःच ठरते असं मानणाऱ्यांचं लक्ष खऱ्या उत्तरावर कमी टिकलं. नंतर न सांगता तेच चुकलेले प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा त्यांच्या चुका कमी सुधारल्या होत्या. बुद्धी वाढते असं मानणारे पुढे गेले. उत्तर डोळ्यांसमोर असूनही लक्ष नव्हतं, मग आठवणार कुठून?

म्हणून समज बदलायची वाट न पाहता आधी सवय बदला. उत्तर लिहितानाच शेजारी खात्रीचा आकडा टाका: ३ म्हणजे पक्कं, १ म्हणजे अंदाज. ३ टाकलेलं उत्तर चुकलं तर सोनं समजा, कारण धक्का बसतो आणि अशी चूक अंदाजाने झालेल्या चुकीपेक्षा चांगली सुधारते. मग चुकांच्या वहीत तीन गोष्टी लिहा: काय लिहिलं, खरं काय, का चुकलं. उदाहरणार्थ, ‘गिरणा ही गोदावरीची उपनदी’ असं लिहिलंत. खरं: ती तापीला मिळते. का चुकलं: उगम नाशिक जिल्ह्यात, म्हणून गोदावरीच असणार असं धरलं, पण मधल्या सातमाळा रांगेने गिरणेचं खोरं वेगळं केलंय. ही तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात. नुसतं ‘गिरणा – तापी’ लिहिलं तर तो सुटा तुकडा राहतो, पुढच्या वेळी पुन्हा निसटतो.

वही वाचायची नाही, खरं उत्तर झाकून आठवायचं. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, मग सातव्या. अडलात तर पुन्हा दुसऱ्या दिवसापासून.

इथे मन हमखास फसवतं. २००६ च्याच आणखी एका प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना ४२. पहिल्या संध्याकाळी आठवताना अडखळायला होतं, ‘मला जमत नाही’ वाटतं आणि विद्यार्थी परत हायलायटर उचलतात. ते अडखळणं हेच काम आहे.

भिंतीवर ‘मी करू शकतो’ लावून फार काही होत नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात, ‘बुद्धी वाढवता येते’ हे शिकवणाऱ्या, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी जेमतेम ०.१ ने वाढली. वाढ खरी, पण लहान.

घरच्यांसाठी एकच: ‘किती हुशार आहेस’ म्हणू नका. १९९८ च्या प्रयोगांत अशी शाबासकी मिळालेली पाचवीची मुलं एका अपयशानंतर आधीपेक्षा कमी प्रश्न सोडवू शकली. मेहनतीचं कौतुक झालेली सुधारली. पेपर घरी आला की ‘किती पडले?’ च्या आधी ‘कोणता चुकला, का चुकला?’ विचारा, आणि पोराचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.