दूरनियंत्रित लंबक : तिसऱ्या आवृत्तीची नोंद

कोथरूडच्या माझ्या खोलीतील लंबक भोर तालुक्यातील एका शाळेचे अकरावीचे विद्यार्थी मोबाइलवरून सोडू शकतात, हे मागील नोंदीत लिहिले होतेच; परंतु त्यांच्या मोजणीतून गुरुत्वत्वरणाचे मूल्य दर खेपेस वेगळे येत होते. याचा दोष मी बरेच दिवस मंद नेटवर्कला देत राहिलो. वास्तविक, ते मोबाइलवर पाहतात ते कॅमेऱ्याचे चित्र नेहमी सारख्याच उशिराने पोहोचले असते, तर दोन वेळांच्या वजाबाकीत तो उशीर आपोआप गळून पडला असता. तो क्षणोक्षणी बदलतो, ही खरी अडचण. म्हणून वेळ मोजण्याचे काम आता लंबकाशेजारच्या ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे दिले असून, गोळा अवरक्त किरण अडवतो तो प्रत्येक क्षण तेथेच नोंदवला जातो. एका दोलनात किरण दोनदा अडतो, हे पहिल्या दिवशी मी विसरलो आणि दोलनकाल निम्मा होऊन गुरुत्वत्वरणाचे उत्तर चौपट, म्हणजे ९.८ ऐवजी सुमारे ३९ आले!

लांबी बदलण्यासाठी दोरा गुंडाळण्याचा बेत सोडला. दोरा जिच्या चिरेतून जातो ती पकड स्टेपर मोटरने (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरने) खालीवर सरकते, त्यामुळे गोळा जागेवरच राहतो आणि सेन्सर हलवावा लागत नाही. गोळा धरून ठेवणारा व सोडणारा विद्युतचुंबक मध्यापासून १५ सें.मी. दूर होता, ४० सें.मी. लांबीला सोडण्याचा कोन त्यामुळे २२ अंशांचा होतो आणि दोलनकाल जवळपास एक टक्क्याने वाढतो. आता अंतर ४ सें.मी. आहे. प्रवाह बंद केल्यावरही गोळा क्षणभर चिकटून राहत असे. मध्ये कागदाचा कपटा लावल्यावर ते थांबले.

अंतिम उत्तर पडद्यावर दाखवण्याची सोय मात्र मी मुद्दाम काढून टाकली. विद्यार्थ्यांना नुसत्या वेळा मिळतात आणि लांबी कॅमेऱ्यातील मीटरपट्टीवरून त्यांनीच वाचायची असते. गेल्या खेपेस त्यांनी ती गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली. दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला ०.०५ जवळ छेदू लागला, तरीही चढावरून पुण्याला साजेसे ९.७८ च्या आसपासचे मूल्य निघाले. त्या ०.०५ वरून गोळ्याची सव्वा सेंटिमीटर त्रिज्या एका विद्यार्थिनीने काढून दाखवली, तीही गोळा हातात न घेता.

वीज जाऊन परतल्यावर पकड कोठे आहे हे मोटरला कळत नाही. त्यासाठी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारातून, लिमिट स्विच (पकड टोकाला पोहोचली की दाबला जाणारा स्विच) आणला आहे. तो रविवारी बसवेन.