दार उघडलं की टेप बंद

आमची गाडी 2013 ची हॅचबॅक आहे आणि तिच्यातला म्युझिक सेट कंपनीचा नाही, दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवलेला. बाबा अजून त्याला टेपच म्हणतात, त्यात कॅसेट जात नाही हे त्यांना माहितीये तरी. तर हा टेप पावसाळा सुरू झाल्यापासून मधेच बंद पडायला लागला. म्हणजे गाणं चालू आहे, खड्डा आला, आवाज गायब, स्क्रीनवर काहीतरी अक्षरं सरकतात आणि सेट गप. बंद करून परत चालू केला की कधी चालायचा, कधी नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही साताऱ्याहून पुण्याला येत होतो, नेमके खंबाटकीच्या बोगद्यात होतो, म्हणून मी म्हटलं बोगद्यात रेंज जाते, चालायचंच. पण शिरवळ आलं तरी हा मुकाच, आणि मग लक्षात आलं की अरे आपण रेडिओ ऐकतच नव्हतो, पेनड्राइव्ह लावला होता, त्याचा आणि बोगद्याचा काय संबंध!

बाबा तेव्हाच म्हणाले होते, "अरे, मी दार उघडलं ना की तुझा टेप बंद होतो." हे मी सरळ उडवून लावलं. त्यात आमच्या मेहुण्यांनी भर घातली, त्यांची गाडी नवीन आहे, त्यात किल्ली बंद केल्यावर पण गाणं थोडा वेळ चालू राहतं आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की बंद होतं. ते म्हणाले फीचर असतं ते. आता आमच्या गाडीत काचांची बटणं सोडली तर फीचर नावाचं काही नाही, आणि बाबा डाव्या बाजूला बसतात, ड्रायव्हरच्या नाही, पण मला त्या दिवशी तेवढंच उत्तर पुरेसं वाटलं.

मग अॅक्सेसरीजच्या एका दुकानात गेलो. त्या मुलाने स्क्रीनवरची अक्षरं बघितली, "प्रोटेक्ट येतंय, म्हणजे आयसी गेला साहेब, सेट बदला" (आयसी म्हणजे सेटमधली आवाज वाढवणारी चिप), आणि लगेच नऊ हजाराचा अँड्रॉइडवाला स्क्रीन दाखवला. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. फक्त त्याने सेट हात लावूनसुद्धा बघितला नाही हे मला खटकलं, म्हणून विचार करतो सांगून निघालो.

घरी कागदांच्या फाइलमध्ये सेटचं पुस्तक सापडलं. त्यात प्रोटेक्ट म्हणजे काय ते लिहिलेलं, की स्पीकरची वायर कुठेतरी शॉर्ट होतेय, वायरिंग तपासा. आयसी पण जळालेला असू शकतो, दुकानातला मुलगा अगदीच खोटं नव्हता बोलत, पण दोन्हीतला फरक ओळखायची पद्धत सोपी आहे: सगळे स्पीकर सेटपासून सुटे करायचे आणि सेट चालू करायचा. तरीही प्रोटेक्ट आलं तर सेट गेला. नाही आलं तर सेट बरा आहे, भानगड पुढे वायरीत नाहीतर स्पीकरमध्ये.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. साडेतीनशेचा मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, जुनं प्लास्टिकचं कार्ड (डॅशबोर्डची पट्टी ओरखडे न पाडता उचकटायला हेच बरं), आणि टॉर्च धरायला मुलगी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, पण ज्यांच्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक पिवळ्या रंगाचे असतात, तिकडे मीटरच्या पिना घेऊन जायचंच नाही.

सेट बाहेर ओढला आणि मागचा तो वायरींचा गुंता बघून मलाच लाज वाटली की दोन वर्षं आपण हे घेऊन फिरतोय. कुठे कनेक्टर नाही, नुसती पिळून टेप मारलेली, उन्हाने टेपचा गोंद सुटलेला, हाताला सगळं चिकट. बाहेरच्या सेटला साधारण ठरलेले रंग असतात: पिवळी म्हणजे कायम बॅटरी, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, काळी म्हणजे अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली). आमच्याकडे पिवळी आणि लाल दोन्ही एकत्र पिळून किल्लीच्या वायरला जोडलेल्या, आणि गाडीची कायम करंटवाली वायर नुसती टेप मारून सोडून दिलेली! म्हणून दर वेळी किल्ली काढली की घड्याळ 12:00 वर आणि सेव्ह केलेली स्टेशनं पुसलेली. हे मी दोन वर्षं "स्वस्तातला सेट आहे, असंच असणार" म्हणून सहन केलं होतं. बॅटरी थोडा वेळ परत जोडून मीटरने खात्री केली, किल्ली बंद असताना एका वायरवर साडेबारा व्होल्ट, दुसऱ्यावर शून्य. मग निगेटिव्ह पुन्हा काढून पिवळी पिवळीच्या जागी, लाल लालच्या जागी.

मूळ दुखणं मात्र हे नव्हतं.

आठ स्पीकर वायरी सुट्या केल्या, टोकांना टेप गुंडाळली, बॅटरी जोडून सेट चालू केला. प्रोटेक्ट नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, गप चालू. तिथेच माझे नऊ हजार वाचले. मग एकेक जोडी जोडत गेलो. मागचा डावा ठीक, मागचा उजवा ठीक, पुढचा उजवा ठीक. पुढचा डावा जोडला, तोही ठीक! डोकंच फिरलं. अर्धा तास मी पहिल्या तीन जोड्या उगाच परत परत काढून घालत बसलो.

मुलगी कंटाळून पाणी आणायला निघाली, डावं दार उघडलं, आणि सेट बंद.

तिला तिथेच थांबवलं. बॅटरी काढली, त्या जोडीच्या वायरी सुट्या केल्या आणि मीटर लावला. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीन ते चारच्या मधे काहीतरी दाखवतो, तेवढं तो दाखवत होता, म्हणजे स्पीकर शाबूत. मग एक पिन वायरला आणि दुसरी दाराच्या बिजागरीच्या बोल्टला, म्हणजे बॉडीला. इथे काहीच दिसायला नको, आणि दार बंद असताना दिसत नव्हतंही. दार अर्धं उघडलं की 0.4 ओहम, म्हणजे वायर बॉडीला टेकतेय. थोडं पुढे ढकललं की परत काही नाही. पाच वेळा उघडझाप करून बघितलं, दर वेळी त्याच जागी.

यात एक गोष्ट मला आधी माहिती नव्हती. या सेटमध्ये स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात आणि आवाज त्या दोघींच्या मधल्या फरकातून येतो, त्यामुळे दोघींपैकी कुठलीही बॉडीला टेकली तरी सेट स्वतःला वाचवायला बंद होतो. जुन्या पद्धतीने स्पीकरची एक वायर बॉडीला ठोकून देणारे लोक असेच सेट जाळतात.

दार आणि ते ज्याला बिजागरीने लावलेलं असतं त्या बॉडीच्या खांबाच्या मधे सुरकुत्यावाली रबरी नळी असते, त्यातून सगळ्या वायरी दारात जातात. ती खांबाकडून ओढायला गेलो तर ओढायचीही गरज नाही, आधीच भोकातून निसटलेली होती. तेव्हा आठवलं, गेल्या वर्षी याच दाराची काच वर-खाली होत नव्हती म्हणून एका गॅरेजमध्ये मोटर बदलली होती, तेव्हा रबर परत नीट बसवलं नसणार. म्हणजे वर्षभर वायरी पत्र्याच्या उघड्या धारेवर घासत होत्या, दर वेळी दार उघडलं की एक घासा. त्यातली स्पीकरची एक वायर सोलून तांबं दिसत होतं, वर पावसाचं पाणी जाऊन ते हिरवं पडलेलं. शेजारच्या काचेच्या वायरीला पण चरा पडला होता, तीही सोलून पत्र्याला टेकली असती तर फ्यूजच उडाला असता.

दुरुस्तीत फार काही नाही. खराब तुकडा कापला, बारीक तारांची लवचिक वायर घेतली (एकाच जाड तारेची नको, दाराच्या घडीत ती काही महिन्यांत तुटते) आणि जोड मुद्दाम घडीच्या जागी न ठेवता एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत घेतला, त्यासाठी दाराचं पॅनल काढावं लागलं आणि दोन क्लिपा तुटल्या. वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन सोल्डर मारलं, वर गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. चऱ्याच्या वायरीला टेप. रबर भोकात काही केल्या बसेना, शेवटी साबणाच्या पाण्याने बसलं. मागच्या पिळलेल्या सगळ्या जोडांना पण कनेक्टर लावले. वायर, स्लीव्ह, कनेक्टर, क्लिपा धरून एकशेऐंशी रुपये, मीटर वेगळा. आणि माझा अख्खा रविवार.

बाबांना खाली बोलावलं, डाव्या सीटवर बसवलं, म्हटलं उघडा दार. उघडलं, बंद केलं, आपटलं. गाणं चालू. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं." यावर काय बोलणार.

आता एक नवीनच झालंय. 101 वर विविध भारती लावलेली असते, घर येतं, बाबा दार उघडतात, एक पाय बाहेर ठेवतात आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहतात. आणि मी किल्लीला हात लावून वाट बघतो.