अपडेटनंतर टचपॅडचे स्क्रोलिंग बंद पडते तेव्हा

लिनक्सचे मोठे अपडेट झाल्यानंतर माझ्या लॅपटॉपवर बाण नेहमीसारखा फिरत होता, क्लिकही होत होते, मात्र दोन बोटे सरकवली तरी पान जागचे हलत नव्हते. अशा वेळी टचपॅड बिघडला असे गृहीत धरून सगळी प्रणाली नव्याने बसवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बोट आणि पान यांच्यामध्ये कर्नेल (प्रणालीचा गाभा), लिबइनपुट (टचपॅड-माऊसच्या संकेतांचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर) आणि डेस्कटॉप (खिडक्या आणि सेटिंग्ज सांभाळणारा भाग) असे टप्पे असतात आणि अडचण कोणत्या टप्प्यावर आहे, हे शोधता येते.

टर्मिनलमध्ये ‘सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस’ ही आज्ञा दिली (त्यासाठी लिबइनपुटच्या साधनांचे पॅकेज वेगळे बसवावे लागते), तेव्हा यादीत टचपॅड नव्हताच. त्याच्या जागी ‘पीएस/२ जेनेरिक माऊस’, म्हणजे पीएस/२ या जुन्या पद्धतीने जोडलेला साधा माऊस, असे नाव होते. साधा माऊस फक्त हालचाल आणि बटणे कळवतो, पॅडवर किती बोटे टेकली आहेत हे कळवत नाही, त्यामुळे सेटिंग्जमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नसतो. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कर्नेल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून जुने कर्नेल निवडून लॅपटॉप सुरू केला असता स्क्रोलिंग पूर्ववत चालले आणि दोष नव्या कर्नेलच्या बाजूला आहे, हे निश्चित झाले. नव्या कर्नेलमध्ये ‘मॉडप्रोब’ या आज्ञेच्या साहाय्याने ‘पीएसमाऊस’ हे मॉड्यूल (पीएस/२ उपकरणे चालवणारा कर्नेलचा सुटा भाग) काढून पुन्हा चढवले की टचपॅड ओळखला जाई, पण लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तीच कथा. म्हणून पुढचे कर्नेल येईपर्यंत मी जुनेच वापरले. टचपॅड पीएस/२ऐवजी आयटूसी या दुसऱ्या मार्गाने जोडलेला असेल, तर मात्र या मॉड्यूलचा संबंध येत नाही.

यादीत टचपॅड व्यवस्थित दिसत असेल, तर ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवून दोन बोटे सरकवावीत. ‘पॉइंटर स्क्रोल फिंगर’ अशा ओळी भराभर उमटू लागल्या, तर लिबइनपुट आपले काम करत आहे आणि चूक डेस्कटॉपमध्ये किंवा त्या प्रोग्रॅममध्ये शोधायला हवी. लिबइनपुट दोन बोटांचे आणि कडेचे (पॅडच्या कडेवर एक बोट सरकवून होणारे) स्क्रोलिंग एकाच वेळी चालू ठेवत नाही, त्यामुळे सेटिंग्जमध्ये कडेचा पर्याय निवडला गेला आहे का, तेही पाहावे. एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) सत्रात टचपॅडचा जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर शिल्लक असेल, तर तो लिबइनपुटच्या आधी टचपॅडचा ताबा घेऊ शकतो आणि ग्नोम या डेस्कटॉपने ३.२० या आवृत्तीपासून (२०१६) त्याचा आधार काढून घेतल्यामुळे तिथल्या सेटिंग्जचा टचपॅडवर परिणाम होत नाही. अशा वेळी तो ड्रायव्हर काढून टाकणे उत्तम.

दिशा उलटी झाली असेल, तर ‘नॅचरल स्क्रोलिंग’चे बटण बदलले की काम भागते. बोट उचलल्यावरही पान थोडे पुढे घरंगळत राहण्याची सोय जुन्या ड्रायव्हरमध्येच होती. लिबइनपुटने ती प्रोग्रॅमांवर सोपवली आहे, म्हणून ती ब्राउझरमध्ये असते आणि शेजारच्या खिडकीत नसते.