समानार्थी शब्दांची ती झेरॉक्स

गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची बरीच मुलं माझ्यासारखीच आलेली असतात: चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. व्याकरण कसंबसं निभावतं, शब्द कमी पडतात. स्पर्धा परीक्षेत नेमके तेच विचारतात. म्हणून म्हापशातल्या एका क्लासला नाव घातलं.

पहिल्याच दिवशी हातात समानार्थी शब्दांची जाडजूड झेरॉक्स. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, मध्ये बरोबरचं चिन्ह. उदाहरणादाखल वाक्य एकही नाही. 'बिग = लार्ज', 'थिन = स्किनी', आणि कहर म्हणजे 'फेमस = नोटोरियस'. मी विचारलं, "सर, बिग ब्रदर म्हणतात, मग लार्ज ब्रदर का म्हणत नाहीत?" उत्तर आलं, "अरे बाबा, परीक्षेत तुझ्या भावाबद्दल विचारणार नाहीत. पाठ मार." सगळा वर्ग हसला. फी आगाऊ भरली होती, त्यामुळे मीही हसलो.

खरं तर गोंयकाराला ही गोष्ट शिकवावी लागू नये. पाणी आणि उदक हे समानार्थी, कुठलंही पुस्तक सांगेल. पण कोकणीत तहान लागली की उदकच मागतात, आणि मराठीत उदक म्हटलं की पळी-पंचपात्र आणि भटजी डोळ्यांपुढे येतात. आख्खा अमरकोश मुखोद्गत असलेला माणूसही घरात 'नीर गरम करायला ठेव' म्हणत नसेल. इंग्रजीला मात्र हा न्याय नाही, तिथे बरोबरचं चिन्ह टाकलं की झालं! त्या झेरॉक्सच्या भरवशावर वर्गातल्या एकानं नोकरीच्या अर्जात 'आपल्या नोटोरियस संस्थेत' असं लिहिलं. नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. अर्ज पाठवण्याआधी कुणीतरी वाचला, म्हणून वाचला बिचारा.

शेवटी यादी बाजूला ठेवली आणि पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसायला लागलो. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय. आत थंडगार आणि कुणी पाठ मार म्हणत नाही. तिथे परभाषकांसाठी केलेले इंग्रजी कोश मिळाले. त्यांत अर्थापेक्षा खालची वाक्यं मोलाची. स्लिम, थिन, स्किनी एकाच पानावर लिहिले आणि प्रत्येकापुढे कोण कुणाला म्हणेल ते टिपलं. स्लिम कौतुकानं, स्किनी टोमण्यानं, थिन नुसतंच. आपल्याकडे सडपातळ, काटकुळा, बारीक असतात तसेच. पाऊस जोराचा असला तर 'हेवी रेन', वारा जोराचा असला तर 'स्ट्राँग विंड'. अदलाबदल केली तर इंग्रज समजून घेईल, पण हसेल. मराठीत दोघांनाही 'जोराचा' चालतो, म्हणूनच इथे हमखास फसगत होते. समानार्थी शब्द जोडीनं नव्हे, सोबतच्या शब्दासकट पाठ करायचा, ही एवढी गोष्ट त्या क्लासनं सांगितली असती तर पुढची सगळी उस्तवार वाचली असती.

शब्दकुळांनी, म्हणजे एकाच धातूपासून झालेल्या शब्दांनी, मला फारसा त्रास दिला नाही. आहार, विहार, प्रहार, संहार ज्यानं शाळेत केलेत, त्याला उपसर्ग काय करतो ते वेगळं सांगायला नको. गोव्यात तर घरातल्या जुन्या कागदांचाही उपयोग होतो. जमिनीच्या दस्ताला पोर्तुगीजमध्ये 'एस्क्रितूरा' म्हणतात आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कारकुनाला 'एस्क्रिव्हांव'. दोन्ही 'लिहिणे' या लॅटिन धातूचे, आणि त्याच घरातले इंग्रजी स्क्रिप्ट, डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, सबस्क्राइब, मॅन्युस्क्रिप्ट. क्रियापदात 'स्क्राइब' असला की नामात 'स्क्रिप्शन' होणार, हे एकदा कळलं की डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा धडा होते. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे: इन्स्पेक्टर, सस्पेक्ट, स्पेक्टॅकल. एका धातूला वहीचं एक पान द्या.

हे मघाशीच सांगायला हवं होतं: सुरुवातीचा 'इन' बघून उलटा अर्थ ठोकून देऊ नका. टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहितात ते पेट घेतो म्हणून. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे अनमोल, बिनकिमतीचा नव्हे. सख्ख्या भावंडांचे स्वभावही तपासा: 'इकॉनॉमिक' अर्थव्यवस्थेचा, 'इकॉनॉमिकल' काटकसरीचा. परीक्षेत पर्याय देताना असलेच शब्द शेजारी-शेजारी ठेवतात.

उच्चारही कुळागणिक सरकतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'त दुसऱ्यावर. मोठ्यानं वाचल्याशिवाय हे जिभेवर बसत नाही, आणि ग्रंथालयात मोठ्यानं वाचता येत नाही, म्हणून हा अभ्यास मी घरी येऊन करायचो.

क्लास लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी एक तास मागच्या बाकावर बसून बघा. मुलांकडून वाक्यं लिहून घेत असतील तर खुशाल भरा. हातात नुसती यादी ठेवली, तर तीच झेरॉक्स बाहेरच्या दुकानात बऱ्याच स्वस्तात मिळते.