कोल्हापूर ते थेकडी गाडीनं, सोबत आईची मसाल्याची यादी

ऊटी, मुन्नार करत केरळातल्या थेकडीला जायचंच असेल तर संक्रांत उरकून जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघा, हे आधी सांगतो. ख्रिसमस ते एक जानेवारी ऊटी-मुन्नारला पाय ठेवायला जागा नसते, मग पोंगलची सुट्टी लागली की अर्धं तमिळनाडू डोंगरावर चढतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुन्नारचं इरविकुलम नॅशनल पार्क ताहर या डोंगरी जनावराच्या विणीसाठी बंद ठेवतात. मधल्या एवढ्याशा पट्टीत सगळं जमतं. मिरीची तोडणी चालू असते, वेलदोड्याचे शेवटचे तोडे असतात, आणि पाऊस नाही म्हणजे जळवाही नाहीत. एकच ताप, आपल्याकडं तेव्हा ऊस हंगाम जोरात असतो, त्यामुळं अंधारात निघाला तर कागल-निपाणी पट्ट्यात मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अचानक पुढ्यात येतात, तेवढा टप्पा सावकाश घ्या.

आम्ही मी, बायको, पोरगा, आई आणि मामा असे निघालो. मामांचं पूर्वी गुऱ्हाळ होतं, आणि आईचं म्हणणं एकच, चैत्रात चटणी कांडायच्या आधी वेलदोडा, मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री मुळातनंच आणायची. आपल्या लक्ष्मीपुरी बाजारात काय मिळत नाही का म्हणलं, तर म्हणाली मिळतंय की, पण कुठं लागतंय ते एकदा बघायचंय. त्यामुळं ट्रिप ऊटी-मुन्नारची न राहता मसाल्याची झाली आणि मला वाटतं म्हणूनच चांगली झाली.

रस्ता सरळ आहे. हायवेनं बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत हिरियूरपर्यंत जायचं आणि तिथनं बेंगळुरूकडं न जाता उजवीकडं हुळियार, नागमंगल, श्रीरंगपट्टण असं म्हैसूरला उतरायचं. सहाशे किलोमीटरच्या वर होतं, बेंगळुरूचं ट्रॅफिक वाचतं, मात्र हिरियूरनंतर हायवेसारखी हॉटेलं नाहीत. दावणगेऱ्यात बेण्णे डोसा खाऊनच पुढं जा, लोणी हात राखून घालत नाहीत. गाडी चालवायची नसेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेंगळुरूला जाते, तिथनं भाड्याची गाडी करता येते, पण कर्नाटक, तमिळनाडू, केरळ तिन्ही राज्यांचा टॅक्स भाड्यात धरलाय का हे आधी लिहून घ्या, बॉर्डरवर वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हैसूरबद्दल काही लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये, आम्हीही रात्री झोपायलाच थांबलो.

म्हैसूरहून गुंडलुपेट, मग बांदीपूर. गुंडलुपेटलाच तेल भरा. बांदीपूरमधनं जाणारा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, हे 2009 पासून आहे आणि गेटवर कुणाची ओळख चालत नाही. दिवसाही आत थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही, माकडांना काही द्यायचं नाही, दंड लावतात. आमच्या पुढच्या गाडीतले लोक हत्ती दिसला म्हणून काच खाली करून हात बाहेर काढून शूटिंग करत होते, तो हत्ती कान हलवायचा थांबला तेव्हा मामांनीच हॉर्न न वाजवता नुसती लाईट मारून त्यांना पुढं ढकललं. बांदीपूर 1973 ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांतलं, वाघ आहेतच, पण तास-दीड तासाच्या सफारीत दिसेलच असं धरून गेलात तर हिरमुसून परत याल. चितळ, गवे, हत्ती, मोर मात्र भरपूर. गवा बघायला आपल्याला दाजीपूर जवळ आहे हे खरंच, तरी इथं तो उजाडल्यावर उघड्यावर निवांत चरत असतो.

कर्नाटकची हद्द ओलांडली की तमिळनाडूचं मुदुमलाई. तेप्पकाडूच्या हत्ती कॅम्पमध्ये सकाळ-संध्याकाळ हत्तींना खायला घालतात, नाचणीचे आणि भाताचे मोठमोठे गोळे माहूत स्वतः तोंडात भरवतो. पोराला अख्ख्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं. इथनं ऊटीला दोन वाटा आहेत, एक गुडलूरवरनं लांबची आणि एक मसिनगुडीवरनं कल्हट्टी घाटाची, 36 हेअरपिनची. जवळ म्हणून कल्हट्टीनं जावंसं वाटतं, पण गाडी भरलेली असेल तर पहिल्या गिअरमध्येच चढावं लागतं आणि उतरताना तर बाहेरच्या गाड्यांना त्या घाटानं सोडतच नाहीत. आम्ही गुडलूरनं गेलो, आईला घाट लागतो.

नीलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो, 2024 च्या मे महिन्यापासून, मद्रास हायकोर्टाच्या आदेशानं. ऑनलाईन फुकट निघतो, पण रोजच्या गाड्यांवर मर्यादा असू शकते म्हणून शनिवार-रविवारचा आधी काढून ठेवा. आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चेकनाक्यावर काढून घेतात, आमच्या डिकीत अख्खा बॉक्स होता तो तिथंच राहिला असता पण बायकोनं म्हैसूरमध्येच स्टीलच्या बाटल्या भरून बॉक्स लॉजवाल्याला देऊन टाकला होता. तिकडं जागोजागी पाण्याची मशीन आहेत, नाणी जवळ ठेवा.

ऊटी गाव म्हणाल तर गर्दी, चॉकलेटची दुकानं आणि घोडेवाले. दोडाबेट्टा (2637 मीटर) सकाळी लवकर केलं तर ठीक. जानेवारीत पहाटे गवतावर पांढरं दव गोठलेलं दिसतं, मफलर-स्वेटर खरोखर लागतो, आपल्या थंडीच्या हिशोबानं जाऊ नका. बेकरीतली वर्की घ्या, चहाबरोबर मस्त लागते. राहायचं मात्र कुन्नूरला. शांत आहे, चहाचे मळे दारातच, आणि ऊटीपेक्षा थंडी कमी.

टॉय ट्रेन चुकवू नका, पण कुठला टप्पा ते कळून घ्या. मेट्टुपाळयम ते ऊटी 46 किलोमीटरची लाईन, कुन्नूरपर्यंत 1899 ला आणि ऊटीपर्यंत 1908 ला पोचली. खरी गंमत कल्लार ते कुन्नूर या भागात आहे, तिथं रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवलीय, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी चढते-उतरते, कारण चढ बारा फुटाला एक फूट आहे. ऊटी-कुन्नूर टप्प्यात हे काही नाही, नुसती छोटी ट्रेन. वर जाणाऱ्या गाडीचं तिकीट पटकन संपतं, उतरणाऱ्या गाडीचं त्या मानानं मिळतं. आम्ही तेच केलं, चौघं कुन्नूरहून दुपारच्या गाडीत बसले, मी गाडी घेऊन घाट उतरलो आणि मेट्टुपाळयम स्टेशनवर त्यांची वाट बघत दोन चहा प्यायलो. ड्रायव्हरला ही ट्रेन मिळत नाही, हे घरात आधीच ठरवून घ्या.

पोळ्ळाचीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उडुमलपेटवरनं मुन्नार. लोक कोइंबतूर-मुन्नार म्हणजे नुसतं अंतर कापायचं समजतात, मला तर हाच पट्टा सगळ्यात आवडला. आधी अनामलाईचं जंगल, मग केरळमधलं चिन्नार अभयारण्य. चिन्नार डोंगराच्या पावसाच्या आडोशाला आहे, त्यामुळं केरळ असून काटेरी झुडपं, तापलेले खडक, थेट आपला आटपाडी-जत भाग वाटतो. अंधार पडायच्या आत नाके पार करा, हत्ती रस्त्यावर येतात. तिथनं चढलात की मरयूर. रस्त्याच्या कडेला तारेच्या कुंपणात चंदनाची झाडं, केरळातलं नैसर्गिक चंदनाचं जंगल ते हेच, आणि त्याच्या पलीकडं चक्क ऊस! मामांनी गाडी थांबवायलाच लावली.

मरयूरच्या गुळाला 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आपल्या कोल्हापुरी गुळाला 2014 ला. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळात विचारून आत जाता येतं, कुणी अडवत नाही. काहिल तीच, चुलवाण तेच, पण ढेप नाही, पाक जरा निवला की गरम असतानाच हातानं उंडे वळतात आणि त्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. रंग काळपट तपकिरी. मामा आणि तिथला म्हातारा गुळव्या, एकाला मल्याळम-तमिळ येईना एकाला मराठी, पण अर्धा तास हातवारे करत पाक कधी आला ते कसं बघायचं यावर दोघांचं चाललं होतं, पाण्यात टाकून गोळी बघायची इथंपर्यंत एकमत झालं. मामांचा निकाल असा, की हा गूळ आपल्या मार्केट यार्डात सौद्याला लावला तर रंग बघूनच व्यापारी भाव पाडतील, पण खायला एक नंबर. पाच किलो घेतला. मुन्नारच्या दुकानात तोच महाग मिळतो, आणि मरयूरचाच असेल याची खात्री नाही.

मुन्नारमध्ये इरविकुलमचं तिकीट ऑनलाईन काढा आणि सकाळची पहिली बस पकडा. आपली गाडी आत नेता येत नाही, त्यांच्या बसनं वर जायचं आणि मग चालायचं. ताहर म्हणजे डोंगरी बोकडाच्या जातीतलं जनावर, जगात फक्त या केरळ-तमिळनाडूच्या डोंगरातच आहे, आणि माणसांची इतकी सवय झालीय की रस्त्याला चिकटून चरत असतं. अनामुडी (2695 मीटर), दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर, समोरच दिसतं, वर मात्र जाऊ देत नाहीत. नीलकुरिंजी कुठाय म्हणून विचारू नका, ती बारा वर्षांनी फुलते, 2018 ला फुलली, आता 2030. टी म्युझियम सोमवारी बंद असतं. बाकी मुन्नारचे इको पॉइंट वगैरे पॉइंट सोडले तरी काही बिघडत नाही.

आता मसाला. मुन्नारहून देविकुलम, गॅप रोड, पूप्पारा, नेडुंकंडम करत थेकडीला लागून असलेलं कुमळी, अंतर शंभरच्या आत पण तीन-साडेतीन तास धरा. पूप्पारानंतर चहा संपतो आणि दाट सावली सुरू होते, खाली सगळी वेलदोड्याची झाडं. सकाळी तमिळनाडूच्या बाजूनं, बोडी आणि कंबमहून, मजूर भरलेल्या जीपा घाट चढून येतात आणि त्या वळणावर वेग कमी करत नाहीत, डावी सोडू नका.

कुमळीच्या रस्त्यावर ‘स्पाइस गार्डन’चे बोर्ड शेकड्यानं दिसतील. तिकीट काढून तासभर फिरवतात, जायफळ, लवंग, व्हॅनिला, कोको सगळं एकेक झाड लावलेलं असतं, पोरांना घेऊन एकदा जायला हरकत नाही. पण शेवट दुकानात होतो, तिथं केसाचं तेल, गुडघ्याचं तेल, डायबेटीसची पावडर. आम्ही गेलो त्या ठिकाणी वेलदोड्याचा भाव कुमळी बाजारापेक्षा बराच जास्त सांगितला, आईनं पिशवी उघडून एक बोंड फोडलं आणि काही न बोलता परत ठेवलं. त्यापेक्षा होमस्टे असा निवडा की ज्याचा स्वतःचा मळा आहे. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंनी आईला मळ्यात नेलं. वेलदोडा फांदीला लागत नाही, बुंध्यातनं जमिनीलगत तुरे निघतात आणि त्याला बोंडं येतात, तोडणाऱ्या बायका वाकून-बसून एकेक पिकलेलं तेवढंच खुडतात, दीड महिन्यानं परत त्याच झाडाशी. मग भट्टीत रात्रभर वाळवायचा, साधारण पाच किलो ओल्याचा एक किलो होतो. आई म्हणाली आता चहात दोन टाकताना हात आखडणार.

घेताना हे बघा. बोंड मिटलेलं हवं, फुटलेल्याचा वास उडतो. आतले दाणे काळे आणि चिकट हवेत, तपकिरी कोरडे म्हणजे जुना माल. फारच पोपटी दिसला तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासा, रंग लागला की परत द्या. आठ मिलिमीटरचा मोठा दाणा भेट द्यायला ठीक, मसाल्याला लहान चालतो आणि स्वस्त पडतो. मिरी मूठभर पाण्यात टाका, पोकळ असेल ती तरंगते. दालचिनीची पातळ, अनेक पदरी सुरळी म्हणजे खरी, जाड एकपदरी साल ती कॅशिया, अर्थात आपल्या चटणीला वर्षानुवर्षं तीच जातेय. आणि भावाचं म्हणाल तर पुट्टडीला स्पायसेस बोर्डाच्या पार्कात वेलदोड्याचा लिलाव होतो, कालचा सरासरी भाव बोर्डाच्या साईटवर दिसतो, मोबाईलवर तो काढून मगच दुकानात शिरा. दगडफूल, धणे, खसखस तिकडं शोधू नका, ते आपल्याकडंच घ्या.

थेकडीची बोट सकाळची साडेसातचीच घ्या, नंतरच्या बोटींत गोंगाट फार आणि जनावरं पाण्यावरनं आत जातात. लाईफ जॅकेट काढू नका, 2009 ला इथं बोट उलटून 45 माणसं गेलीत. तलाव मुल्लपेरियार धरणाचा, 1895 चा, बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यात उभे आहेत आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. आम्हाला हत्तींचा कळप, गवे, रानडुकरं दिसली. खरं जंगल बघायचं तर वनखात्याचा चालत जायचा कार्यक्रम किंवा बांबू राफ्टिंग घ्या, गाईडांमध्ये पूर्वी याच जंगलात चोरून दालचिनीच्या जातीची साल सोलणारेही आहेत, वनखात्यानं त्यांचीच समिती करून त्यांना कामाला लावलंय. त्यांची नजर काय असते ते चालल्यावर कळतं. कुमळीत एजंट ‘जीप सफारी’ विकतात, ती बहुतेक वेळा अभयारण्याबाहेरच्या पॉइंटांची असते, कुठं नेणार ते विचारूनच पैसे द्या.

खायचं म्हणाल तर पुट्टू-कडला, अप्पम-स्ट्यू झकास, पण मट्टा तांदळाचा जाड भात आईला चालला नाही आणि तिखटाचं आपल्या मानानं तसं बेताचंच, चटणीचा डबा सोबत असू द्या.

परतताना कुमळी घाट उतरून कंबम. रस्त्याच्या दोन्ही बाजूला द्राक्षांचे मांडव, तासगाववाल्यांनी अवश्य थांबावं, इथं वर्षात एकापेक्षा जास्त पीक घेतात. घाटाखाली लोअर कॅम्पला पेनीक्विक या इंग्रज इंजिनिअरचं स्मारक आहे, मुल्लपेरियार त्यानं बांधलं आणि पाणी बोगद्यातनं या कोरड्या खोऱ्यात आणलं, दुकानादुकानात त्याचा फोटो असतो. राधानगरीमुळं आपल्याकडं शाहू महाराजांचं जे आहे तेच. पुढं थेनी, दिंडिगुल, करूर, सेलम, होसूर, रस्ता गुळगुळीत. बेंगळुरूत शिरू नका, इलेक्ट्रॉनिक सिटीजवळनं नाईस रोड पकडा, टोल महाग आहे पण थेट तुमकूर रोडला काढतो. तुमकूरच्या अलीकडं क्यातसंद्रला तट्टे इडली मिळते, ताटलीएवढी, एका माणसाला दोन पुरतात, मामांनी चार खाल्ल्या.