नातवंडांसाठी टेबलावर बांधलेला बोरघाट

नातवंडांसाठी घरात छोटी रेल्वे बांधायचे ठरले, तेव्हा पहिला निर्णय मापाचा घ्यावा लागला. जागा वाचवायची तर १:१६० प्रमाणाचे, ९ मिलिमीटर अंतराच्या रुळांचे ‘एन’ माप सोयीचे असते. परंतु सहा वर्षांच्या नातवाच्या बोटांना ते डबे रुळांवर चढवणे अवघड जाते. म्हणून मी १:८७ प्रमाणाचे ‘एचओ’ माप निवडले. त्यात दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि डबा मुलांच्या मुठीत नीट बसतो.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय मुलांना दाखवून आणले होते. तिथे पाहण्याचा आनंद अपार आहे आणि पुन्हा जाण्याचा आमचा बेतही आहे. घरच्या रेल्वेत मात्र मुलांच्या हातांना काम मिळावे, अशी माझी इच्छा होती. नुसती गोल फिरणारी गाडी मूल थोडा वेळ कौतुकाने पाहते आणि मग उठून जाते. गाडीला कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचायचे असेल आणि वाटेत कोणी सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड) बदलल्याशिवाय ती पुढे जात नसेल, तर तेच मूल तासन्‌तास रमते, असे माझे मत आहे. त्यामुळे कर्जत ते लोणावळा हा बोरघाट बांधायचे ठरले.

१८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गाची सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ अशी आहे. खंडाळ्याजवळ पूर्वी गाडीची दिशा उलटी करण्याचे स्थानक होते. चढून आलेली गाडी तिथे थांबायची आणि उलट्या दिशेने निघून पुढचा घाट चढायची. वीजगाड्या आल्या त्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते स्थानक बंद पडले. घाटाचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले, हे मी मुलांना सांगितले. तेव्हापासून दहा वर्षांच्या नातीने मातीची एक बाई घडवून बोगद्याच्या तोंडाशी उभी केली आहे आणि त्या बाईला तिथून कोणी हलवलेले नातीला चालत नाही.

आठ फूट बाय चार फुटांचा १२ मिलिमीटरचा प्लाय मी घेतला आणि पावसाळ्यात तो फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रंगवला. टेबलाची उंची नातवाच्या छातीइतकी ठेवली. ते भिंतीला चिकटवले नाही, कारण चार फूट रुंदीच्या पलीकडच्या कडेला मुलांचा हात पोहोचत नाही. मोठ्या घाटाची चढण छोट्या इंजिनालाही झेपण्याजोगी आहे, म्हणून ती आम्ही तशीच ठेवली. ३७ सेंटिमीटर गेल्यावर एक सेंटिमीटर चढायचे, एवढे सांगताच नातीने पट्टी घेऊन प्लायवर खुणा केल्या. पहिल्या खुणेवर एक सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा, दुसरीवर दोन, असे करत ३७० सेंटिमीटरवर तिचा घाट दहा सेंटिमीटर उंच झाला. भागाकार तिला वहीपेक्षा इथे अधिक आवडला. पायथ्याशी चढण एकदम सुरू झाली तर डब्यांच्या कड्या सुटतात, म्हणून सुरुवातीचा तुकडा कानस मारून सपाटीशी हळूच मिळवला.

रुळांची वाट पुढच्या कडेने निघते, उजवीकडे वळते आणि मागच्या कडेने चढत डाव्या कोपऱ्यापर्यंत येते. तिथे टेबलाला एक जोडफळी लावून दिशा बदलण्याचे स्थानक केले. वळणाची त्रिज्या ४५ सेंटिमीटरच ठेवता आली, म्हणून आखूड डबे निवडले. वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोके बाहेर येतात. बोगद्याची भिंत किती दूर हवी हे पाहण्यासाठी मुलांनी डब्याच्या बाजूला पेन्सिल बांधली आणि डबा हाताने ढकलत नेला. प्लायवर उमटलेल्या रेषेपलीकडेच आम्ही भिंत उभारली आणि घसरलेला डबा काढण्यासाठी डोंगराला मागून हात जाईल एवढी खिडकी ठेवली.

तारा झाळण्याचे, म्हणजे डाग देण्याचे काम मी स्वतः केले आणि २३० व्होल्टचा अडॅप्टर टेबलाखाली मुलांच्या हाताबाहेर पक्का बसवला. रुळांवर येणारी वीज १२ व्होल्टची असते, त्यामुळे त्यांना हात लागला तरी भीती नाही. धातूचे खेळणे दोन रुळांवर आडवे पडू नये, एवढे पाहावे लागते. लांब वाटेवर वीज क्षीण होऊ नये म्हणून रुळांना ठिकठिकाणी खालून तारा जोडल्या. रुळांतूनच इंजिनाला वीज देण्याच्या या पद्धतीत गाडीची दिशा इंजिनाच्या तोंडावर ठरत नाही, दोन रुळांपैकी विजेचे धन टोक कोणत्या रुळाला जोडले यावर ठरते. त्यामुळे मागून ढकलणारे बँकर इंजिन उलटे लावले तरी ते पुढच्या इंजिनाबरोबरच चालते. फक्त दोघांचा वेग जुळणारा हवा. हलके डबे वळणावर उडू नयेत म्हणून त्यांच्या पोटात लोखंडी वायसर चिकटवले.

डोंगर पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वर्तमानपत्राचे कागद आणि खळ यांचे आहेत. हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीने पेरला की श्रावणातला घाट दिसू लागतो.

आता नात गाडी चालवते, नातू सांधेवाला आहे आणि मी गार्ड. वरच्या स्थानकात गाडी थांबते, नातू सांधा बदलतो, नात विजेची दिशा उलटवते आणि मागचे बँकर आपोआप पुढे होऊन गाडी लोणावळ्याकडे निघते. “आजी, ढकलणारा आता ओढतोय!” हे नातवाने पहिल्यांदा स्वतःहून ओळखले, तो आनंद मला फार मोठा वाटला. रूळ काळे पडले की गाडी अडखळते, म्हणून खेळण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने ते पुसायचे कामही मुलांनी वाटून घेतले आहे.

इंजिनातल्या दंतचक्रांमुळे इंजिन उतारावर आपोआप घरंगळत नाही, पण सुटा डबा मात्र थेट कर्जतला येऊन धडकतो. खऱ्या घाटात अशा सुटलेल्या गाड्या अडवण्यासाठी चढणीकडे वळवलेले रूळ असतात, हे कळल्यापासून नातवाला तसाच एक फाटा हवा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो बांधायचा असून त्यासाठी लागणारा जादा सांधा मी आणून ठेवला आहे.