२१२ नंबर आणि १९ मेसेज

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं छपाईचं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, लेबल, स्टिकर, लग्नपत्रिका असलं सगळं करतो. एप्रिलातली दुपार होती, चटणीचा ऐन हंगाम. या दिवसांत आमच्याकडे कांडपावर रांगा लागतात आणि गच्च्यांवर मिरच्या वाळत असतात. कोल्हापूरबाहेर ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आम्ही चटणीच म्हणतो.

मंगळवार पेठेतल्या एक वहिनी आल्या. घरी चटणी करून विकतात. पर्समधून सहा हजार काढून काउंटरवर ठेवले. "दादा, चौकात लावायला मोठा फ्लेक्स करून द्या. गिऱ्हाईक तुटत चाललंय."

ऑर्डर घेऊन मोकळा झालो असतो. पण चौकात फ्लेक्स लावायचा म्हणजे परवानगी आली, जागेचे पैसे आले, आणि वळिवाच्या एका पावसात तो फाटला की संपलं. सहा हजारांत कितीतरी किलो मिरची येते. मी विचारलं, "एकदा चटणी नेलेली माणसं परत का येत नाहीत?"

"चव तीच आहे ओ. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, काही बदललं नाही. दर शनिवारी २१२ जणांना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते. दोन-चार घरची सोडली तर कोण उत्तर देत नाही."

त्यांचा फोन घेतला. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी, नीट केलेली होती. मागच्या शनिवारचा मेसेज दाबून धरला, इन्फो उघडली. मेसेज पोचलेली माणसं १९! नावं वाचली तर जावा, नणंदा, भिशीतल्या बायका. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच जातो. बाकीच्या १९३ जणांना वर्षभर एकही मेसेज गेलेला नव्हता. वहिनी फोनकडे बघतच राहिल्या. त्यांना रडू येईल असं वाटलं मला.

मग पिशवीतलं पाकीट मागितलं. प्लॅस्टिकवर मार्करनं नंबर लिहिलेला, आणि चटणीचं तेल बाहेरून लागून मधले चार आकडे पुसलेले. म्हणजे इच्छा असली तरी गिऱ्हाइकानं फोन करायचा कुठं?

मी म्हटलं, "वहिनी, इथंच बसा आणि एकेकाला फोन लावा. विकायला नाही. चटणी कशी झाली होती एवढंच विचारा, आणि नंबर सेव्ह करा म्हणा." त्या संकोचल्या. पहिला फोन राजारामपुरीतल्या एका काकूंना लावला. स्पीकरवर आवाज आला, "अगं बाई, तूच होय! चटणी संपून महिना झाला, नंबर कुठं सापडंना. दोन किलो ठेव."

संध्याकाळपर्यंत ४३ फोन झाले. चहा दोनदा आला. सगळे गोड बोलले असं नाही, काहींनी उचललाच नाही. पण ११ जणांनी तिथल्या तिथं चटणी सांगितली, आणि नंबर तर बहुतेकांनी सेव्ह केला.

तोवर मी दुसऱ्या कामातून उरलेल्या व्हिनाइलच्या पट्टीवर स्टिकर काढले, वरून लॅमिनेशन केलं. तेलाचं बोट घासून बघितलं, आकडा हलला नाही. मजकूर एवढाच: नंबर, खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा (FSSAI) १४ आकडी क्रमांक, आणि ठळक अक्षरात ‘हा नंबर चटणी या नावानं सेव्ह करा’. माणसाला बनवणारीचं नाव आठवत नाही, पण फोनमध्ये चटणी शोधली की सापडते. गुगल मॅपवरची नोंद फुकट असते, तीही सुरू करून दिली. व्हिडिओ काढून पडताळणी करायची होती, ते त्यांच्या मुलानं घरी केलं.

स्टिकरचे ४०० रुपये घेतले, बाकीचे परत केले. त्या म्हणाल्या, "आता गडहिंग्लजला जाते, मिरची भरते."

तिसऱ्या शनिवारी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला, ताजी चटणी झाल्याचा. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती: "दादा, आज ८७ जणांना पोचला."